वाटाण्याएवढं हाड

माणसाच्या मनगटात आठ हाडं असतात. आमच्या विभागात काचेच्या कपाटात जो सांगाडा उभा आहे, त्याच्या उजव्या मनगटातली सात हाडं त्याच माणसाची आहेत, हे मी कुणाच्याही पुढे छातीठोकपणे सांगेन. आठव्याबद्दल मला तसं सांगता येत नाही. तरीही मी एकदा सांगितलं होतं, आणि ते त्या माणसाच्या पत्नीला सांगितलं होतं.

मी पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात तंत्रज्ञ आहे. देहदान केलेल्या माणसाच्या शरीरावर मुलांचं वर्षभराचं शिक्षण झालं, की त्यातली काही शरीरं हाडांसाठी राखून ठेवतात. ती हाडं स्वच्छ करायची, वाळवायची आणि पितळी तारेनं जोडून माणूस पुन्हा उभा करायचा, हे माझं काम. सव्वीस वर्षं झाली. घरी आणि सोसायटीत मी 'कॉलेजात आहे' एवढंच सांगतो. एका शेजाऱ्यानं खोदून विचारलं म्हणून खरं सांगितलं, तर त्या दिवसापासून तो मला लांबूनच नमस्कार करतो.

माझे वडील खडकीच्या कारखान्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी क्वार्टरच्या ओट्यावर बसून ते सायकली, पंप, शिलाई मशीन असं काहीबाही खोलत आणि मला परत जोडायला लावत. एखादा भाग जोर लावून बसवला, की म्हणत, "बसला की बसवलास?" बसवलेला असेल तर पुन्हा काढायला लावत. हे सगळं पुढे मला हाडांच्या खोलीत उपयोगी पडलं. कारण सांगाड्यातलं जवळजवळ प्रत्येक हाड शेजारच्या हाडाशी बसतं, बसवावं लागत नाही. मांडीच्या हाडाचा गोळा त्याच माणसाच्या खुब्याच्या वाटीत फिरवून पाहिला, की बोटांना कळतं. दुसऱ्या माणसाचा गोळा घातला तर जातो आत, पण कुठेतरी खुळखुळतो, कुठेतरी अडतो.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी नेहमी एक गोष्ट दाखवतो. हात धडाला कुठे जोडला आहे, असं विचारतो. सगळी खांद्याकडे बोट दाखवतात. मग मी खांद्याचं पातं हातात घेतो. हे पातं बरगड्यांना कुठेच जोडलेलं नसतं, नुसतं स्नायूंमध्ये तरंगतं. हात आणि धड यांच्यात हाडाचा दुवा म्हणाल तर एकच, गळ्याखालचं ते करंगळीएवढ्या जाडीचं कॉलरबोन. एवढ्यावर माणूस बादल्या उचलतो, पोरं खांद्यावर घेतो. खुब्याची तऱ्हा उलटी. तिथे वाटी खोल, गोळा घट्ट, कारण तिथे हालचालीपेक्षा उभं राहणं महत्त्वाचं. खांद्याला मोकळीक हवी, म्हणून तो भक्कम नाही. खुब्याला भक्कमपणा हवा, म्हणून तो खांद्याइतका मोकळा नाही. हे एकदा डोक्यात बसलं, की उरलेला सांगाडा पाठ करावा लागत नाही, असं मी सांगतो आणि ते खरं आहे.

ज्यांच्याबद्दल लिहितोय ते गृहस्थ टायपिंगचा क्लास चालवायचे. जुन्या पुण्यात एका जिन्यावरच्या खोलीत त्यांनी तीसेक वर्षं मराठी-इंग्रजी टायपिंग शिकवलं, मग क्लास बंद करून कर्वेनगरला फ्लॅटमध्ये राहायला गेले. ते वारले तेव्हा त्यांच्या पत्नी कागदपत्रं घेऊन स्वतः आल्या. सत्तरीच्या, सडपातळ, चष्मा साखळीला अडकवलेला. कागद मीच तपासले.

"माझी एक अट आहे," त्या म्हणाल्या. "मुलांना शिकवा, कापा, सगळं करा. पण नंतर हाडं इकडेतिकडे जाऊ देऊ नका. सगळं एकत्र ठेवा, आणि ह्यांच्यात दुसऱ्या कुणाचं मिसळू नका. आयुष्यभर ह्यांना स्वतःची एक वस्तू कधी जागेवर सापडली नाही. निदान आता सगळं एका ठिकाणी असू दे."

मी म्हणालो, "काकू, माझी जबाबदारी."

त्याच वर्षी मार्केट यार्डातले एक हमालही आमच्याकडे आले. पासष्टीचे असावेत. लग्न केलेलं नव्हतं. कुठल्याशा शिबिरात त्यांनी स्वतःच फॉर्म भरून दिला होता. भाचा त्यांना घेऊन आला तेव्हा एवढंच म्हणाला, "मामानं लिहून दिलंय, मंग आणायलाच पायजे." त्यानं कुठलीही अट घातली नाही.

आमच्या खोलीचा एक नियम आहे. कुणी लिहून ठेवलेला नाही, माझ्या आधीच्या माणसानं मला शिकवला. एका दिवशी गच्चीवर एकच माणूस. हाडं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात मंद उकळून स्वच्छ झाली, की ती उन्हात वाळवावी लागतात. मोठ्या हाडांवर शाईनं नंबर घालता येतो. हातापायाच्या हाडांवर घालता येत नाही, कारण त्यातली कितीतरी खडीएवढी असतात. शरीरातल्या दोनशे सहा हाडांपैकी निम्म्याहून जास्त हाडं दोन हात आणि दोन पावलं एवढ्यातच असतात. म्हणून प्रत्येक हाताची, प्रत्येक पावलाची वेगळी कापडी पिशवी, आणि वाळवताना वेगळी ताटली, वरून जाळी.

त्या आठवड्यात तपासणीचं पथक यायचं होतं. आमच्या विभागप्रमुख मॅडमना नवा सांगाडा उभा हवा होता. माझ्याकडे दिवस कमी होते. मी दोन्ही माणसांचे उजवे हात एकाच दिवशी गच्चीवर नेले. दोन ॲल्युमिनियमच्या ताटल्या, एकच टेबल. जाळी एकच होती. ती मी टायपिंगवाल्या सरांच्या ताटलीवर घातली, दुसरी उघडी ठेवली आणि पाच मिनिटांत येतो म्हणून चहाला गेलो.

परत आलो तेव्हा टेबलावर कावळा होता. उघड्या ताटलीच्या काठावर तो बसला होता. मला पाहून उडाला, तशी ताटली उलटली आणि शेजारच्या ताटलीवर आपटली. जाळी सरकली, दोन्ही ताटल्या खाली गेल्या.

मी आधी मोजली. एका हातात सत्तावीस, दोन हातांची चोपन्न. गच्चीच्या फरशीवर गुडघे टेकून मी चोपन्न हाडं गोळा केली. एकही हरवलं नव्हतं. पण सगळ्यांचा एक ढीग झाला होता.

तरी मी घाबरलो नव्हतो, हे कबूल केलं पाहिजे. उलट मला माझ्या बोटांवर जरा जास्तच विश्वास होता. आणि तो खोटाही ठरला नाही. बोटांची हाडं दहा मिनिटांत वेगळी झाली. हाड म्हणजे दगड नव्हे. माणूस जिवंत असेपर्यंत तेही जिवंत असतं, जिथे ताण पडतो तिथे जाड होत जातं. हमाल मामांच्या बोटांच्या हाडांच्या दोन्ही कडांना धारेसारखे उंचवटे होते. पोती ओढण्यासाठी ते लोक लोखंडी आकडा वापरतात, त्याची मूठ आयुष्यभर आवळून धरल्याची ती खूण. सरांची बोटं लांब, गुळगुळीत, हलकी. तळहाताची पाच-पाच हाडंही तशीच निघाली.

मग मनगट. तिथली आठ हाडं दोन ओळींत असतात, गोट्या एका पुरचुंडीत बांधाव्या तशी. एक होडीसारखं, एक चंद्रकोरीसारखं, एक तीनकोनी, एकाला पुढे बाक आलेला. प्रत्येकाला तीन-चार बाजूंनी शेजारी, आणि प्रत्येक शेजाऱ्यासाठी वेगळा गुळगुळीत भाग. चंद्रकोर चुकीच्या होडीला लावली की लगेच कळतं. मी एकेक लावत गेलो. बसतं, नाही बसत, बसतं. सात इकडे, सात तिकडे. संध्याकाळपर्यंत माझ्यापुढे दोन जवळजवळ पूर्ण हात होते आणि टेबलावर दोन हाडं उरली होती, वाटाण्याएवढी.

हे आठवं हाड विचित्र आहे. तळहात वर करा, करंगळीच्या बाजूला मनगटाची घडी असते तिथे बोट दाबा. एक गोळी लागते, हात सैल सोडला तर ती जरा हलते. तेच ते. बाकी सात एकमेकांत गुंतलेली असतात, हे मात्र त्या ओळीच्या बाहेर, स्नायूच्या दोरीत बसलेलं असतं. त्याला शेजारी एकच, ते तीनकोनी हाड, आणि त्याच्याशी भेटायला एकच छोटीशी सपाट जागा. सपाट जागेवर कुठलीही सपाट जागा बसते. मी एक वाटाणा मामांच्या हाताला लावला, दुसरा सरांच्या हाताला, मग उलट. चारही वेळा बसला. भिंगातून पाहिलं. एक दुसऱ्यापेक्षा केसभर मोठा वाटला. मामांची हाडं मोठी, तेव्हा मोठा मामांचा असेल, असं ठरवून मी लहान वाटाण्याला बारीक भोक पाडलं आणि सरांच्या मनगटात तार ओवली.

वडिलांनी विचारलं असतं तर मला 'बसवला' असंच सांगावं लागलं असतं.

मी मॅडमना काही बोललो नाही. तपासणी झाली, सांगाड्याचं कौतुक झालं. मामांची हाडं सुटीच राहिली. प्रात्यक्षिकाला मुलांच्या हातात द्यायला सुटी हाडं लागतातच. ती एका लाकडी पेटीत गेली.

दोन महिन्यांनी काकू पाहायला आल्या. मी कपाट उघडून बाजूला उभा राहिलो. त्यांनी चष्मा लावून वरून खाली सावकाश पाहिलं.

"उंची कमी केलीत का?"

"नाही काकू. मणक्यांच्या मध्ये जिवंतपणी कूर्चेच्या गाद्या असतात, त्या टिकत नाहीत. मी त्याजागी लोकरीचा नमदा घातलाय. इकडेतिकडे थोडा फरक पडला असेल."

"आणि इतके ताठ?"

"मणक्यांतून सळई गेली आहे."

"तेव्हा मिळाली असती तर बरं झालं असतं. क्लासमध्ये दिवसभर 'ताठ बसा' म्हणून मुलांवर ओरडायचे आणि घरी येऊन आरामखुर्चीत असे घसरायचे, की नुसता पेपर दिसायचा."

मग त्यांनी उजवा हात हातात घेतला. करंगळी दोन बोटांनी बाहेरच्या बाजूला ताणली. "शिफ्टची कळ," त्या म्हणाल्या. "झोपेतसुद्धा ही करंगळी अशी जायची."

करंगळीला तसं बाहेर ओढणारा स्नायू कुठून निघतो, हे मला माहीत होतं. तो त्या वाटाण्यापासून निघतो.

"हे सगळं ह्यांचंच ना?" त्यांनी विचारलं.

"हो काकू. एकूण एक."

त्यानंतरची चार वर्षं मी मुलांना हात शिकवताना सात हाडं नीट दाखवायचो आणि आठव्याशी आलो की भरभर पुढे जायचो. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र दर वेळी यायचं. मी स्वतःला समजवायचो की अर्ध्या शक्यतेनं ते त्यांचंच आहे. पण काकूंनी शक्यता विचारली नव्हती.

गेल्या वर्षी त्या परत आल्या, स्वतःचा देहदानाचा फॉर्म भरायला. सगळे रकाने भरून झाले, फक्त सही राहिली. पेन उघडून त्या म्हणाल्या, "ह्यांच्यासारखंच करा. तुमचं काम मी पाहिलंय, मला विश्वास आहे."

आता ही सही मी होऊ दिली असती तर पुढे मला तोंड उघडता आलं नसतं. मी म्हणालो, "काकू, सही करण्याआधी एक ऐका." आणि गच्ची, ताटल्या, जाळी, चहा, सगळं सांगितलं. कावळ्याला दोष जाईल असं काही बोलायचं नाही, हे मी ठरवलं होतं. नियम मी मोडला होता.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"तुम्ही मला तोंडावर सांगितलंत, एकूण एक."

"हो."

"मी काय वाटाण्यासाठी आले होते का हो? मी विचारलं होतं. माहीत नाही म्हणाला असतात, तर माहीत नाही हे तरी मला कळलं असतं."

त्यांनी चष्मा काढला आणि साखळीला सोडला.

"कावळा होता म्हणालात?"

"हो."

"ह्यांचं दहावं-तेरावं आम्ही काही केलं नाही. ह्यांनीच बजावलं होतं. माझे दीर अजून मला ऐकवतात, पिंडाला कावळा शिवला नाही म्हणून." त्या किंचित हसल्या. "सांगते त्यांना. शिवला म्हणावं, गच्चीवर."

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "त्या दुसऱ्या माणसाच्या घरी सांगितलंत?"

"नाही."

"का?"

मी खरंच विचार केला. चार वर्षांत एकदाही मला ते सुचलं नव्हतं. अपराधी वाटलं ते काकूंपुढे. अट घालणाऱ्यापुढे. ज्यानं अट घातली नाही, त्याच्याही मामांच्या मनगटात परकं हाड असू शकतं, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

"म्हणजे मी विचारलं म्हणून मला," काकू म्हणाल्या. फॉर्म त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला. "आधी त्यांना सांगून या. मग सहीचं बघू."

मॅडमना मी त्याच दुपारी सांगितलं. त्या चिडल्या, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. मग म्हणाल्या, "दोन्हीकडे चिठ्ठी लावा. मुलांनाही कळू दे असं होतं ते."

दोन दिवसांनी सकाळी मार्केट यार्डला गेलो. फॉर्मवरच्या नंबरवर फोन करून ठेवला होता. कांदा-बटाट्याच्या बाजूला भाचा काम करत होता. त्याचं पोतं उतरेपर्यंत मी थांबलो आणि पाहत राहिलो. त्यानं पोतं पाठीच्या वर, मानेच्या मुळाशी घेतलं होतं. तिथून वजन मणक्यांतून उतरतं. मणके खाली खाली मोठे होत जातात ते याचसाठी. मग ते वजन माकडहाडाच्या वर दोन्हीकडे फुटून खुब्यांत, तिथून मांडीत, नडगीत, आणि शेवटी पावलाच्या कमानीत. त्याची पावलं छोटी, भरभर पडत होती, आणि डोकं एका रेषेत जात होतं. मी मुलांना जे तारेनं आणि सळईनं दाखवतो, ते तो डझनावारी पोत्यांनी रोज दाखवत होता.

घाम पुसत तो आला. मी सांगितलं. आधी त्याला वाटलं मी काही सही मागायला आलोय. मग वाटाण्याचं कळल्यावर हसला.

"म्हंजी मामाचं हाड मास्तरच्या हातात हाय?"

"असू शकतं. नक्की सांगता येत नाही."

"आन मास्तरचं मामाच्यात. मंग मामा टायपिंग शिकला म्हणा की!" शेजारच्या दोघांना त्यानं ओरडून ते सांगितलंही. मग तोंडावर पाणी मारून माझ्याकडे वळला. "मामा कुठं हाय मंग? मास्तरच्या बाजूलाच?"

"नाही. सर कपाटात उभे आहेत. मामांची हाडं पेटीत. मुलं हातात घेऊन शिकतात."

"मास्तर काचंत आन मामा डब्यात?"

तो रागावून बोलला नाही. पोत्याचं वजन विचारावं तसं विचारलं. पेटीचं महत्त्व सांगणं सोपं होतं. पेटी खरोखरच जास्त उपयोगाची आहे, पण मामा पेटीत गेले ते त्या कारणानं नाही. माझ्याकडे त्या आठवड्यात वेळ एकाचाच होता, आणि मी अट असलेल्याचं काम आधी धरलं.

"उभं करतो," मी म्हणालो.

"करा. मंग येतो बघाया. ह्या दोघांनाबी आणतो."

मला अडीच महिने लागले. रोजचं काम संपल्यावर तासभर. पेटीसाठी मॅडमनी जुन्या साठ्यातली हाडं दिली. मामांचं काम माझ्या आजवरच्या कामात सगळ्यात चांगलं झालं आहे, हे मी न संकोचता लिहितो. मानेखालचे मणके कडांनी झिजून पसरले होते, त्यांच्यात नमद्याची प्रत्येक चकती वेगळ्या जाडीची कापावी लागली. सळईला मी मानेपाशी हलका बाक दिला, कारण ते हाडांनीच सांगितलं होतं. तो माणूस तसाच उभा राहत होता. उजव्या मनगटाशी आलो तेव्हा मोठा वाटाणा तारेत ओवला आणि या वेळी घाई केली नाही, तरी तो बसवलेलाच होता. त्यापुढे माझी बोटं जाऊ शकत नाहीत.

दोन्ही कपाटं आता शेजारी आहेत. दोन्ही उजव्या मनगटांना सारखीच चिठ्ठी आहे: 'या हातातलं वाटाण्यासारखं हाड शेजारच्या दात्याचं असण्याची शक्यता आहे. वाळवताना चूक झाली.' खाली माझं पद आणि सही. मुलं ती वाचतात आणि भिंग घेऊन ओळखायचा प्रयत्न करतात. अजून कुणाला ओळखता आलेलं नाही.

भाचा त्या दोघांना घेऊन आला, पाच मिनिटं थांबला आणि "मान मामाचीच हाय" म्हणून गेला. काकू त्यानंतरच्या आठवड्यात आल्या. त्यांनी आधी मामांना पाहिलं, मग यजमानांना, मग चिठ्ठ्या वाचल्या. "अक्षर बरं आहे तुमचं," म्हणाल्या. खुर्चीत बसून पर्समधला घडी केलेला फॉर्म काढला आणि टेबलावर हातानं सपाट केला. सहीआधी 'इतर सूचना' या रिकाम्या रकान्यात त्यांनी काहीतरी लिहिलं. मग सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

रकान्यात लिहिलं होतं: 'एका दिवशी एकच. जाळी घालून. चहा नंतर.'

मी शिक्का मारला आणि पोच दिली.